बदकांच्या पिलांच्या पायांचीं दुखणीं व त्यांवरील उपाय

आपल्या करवीर तालुक्यांत बदकें पाळण्याचा धंदा अद्याप मोठासा नाहीं. कोंबडी घरोघर असते; बदक मात्र एखाद्या मळ्यांत विहिरीच्या थारोळ्यापाशीं किंवा शेततळ्याच्या कांठीं चार-सहा दिसावें, इतकेंच. तथापि अलीकडे शेततळीं वाढलीं, भाताच्या वाफ्यांतील गोगलगायी व किडे वेंचून खाणारा पक्षी म्हणून बदकाकडे लक्ष जाऊं लागलें, आणि खाकी कॅम्पबेल, पांढरें पेकिन या जातींचीं एक दिवसाचीं पिलें विकत आणून पाहण्याची हौस आमच्या उचगांवांतही शिरली आहे. या हौसेवर पहिलें विरजण पडतें तें पिलांच्या पायांमुळें. आणल्यापासून आठ-दहा दिवस पिलें टुणटुणीत असतात; मग एक बसूनच राहतें, दुसरें ढोपरांवर चालूं लागतें, तिसऱ्याचे पाय दोहों बाजूंस फाकतात. कोणी सांगतो कीं वारें गेलें, कोणी म्हणतो दृष्ट लागली, आणि एखादा व्यवहारी माणूस सुचवितो कीं हें आतां जगत नाहीं, मान मुरगाळून मोकळें व्हावें. हा तिसरा सल्ला सर्वांत महाग पडतो. कारण ज्या दुखण्यानें अशीं पिलें बहुधा बसतात तें चार-पांच दिवसांत हटविण्याजोगें असतें. मात्र तेच चार-पांच दिवस फुकट गेले तर वाढतें हाड वांकडें धरतें, आणि मग कोणताही उपाय चालत नाहीं.

आम्ही पशुवैद्य नव्हे. आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें, आणि त्या नोकरीनें दुसरें कांहीं दिलें नसेल तरी घडलेली गोष्ट तारखेसह लिहून ठेवण्याची संवय दिली. निवृत्त झाल्यावर मळ्यांत बदकें पाळलीं तेव्हां प्रत्येक खेपेची एक वही घातली: पिलें कोणत्या दिवशीं अंड्यांतून निघालीं, काय खाल्लें, बसावयास जमीन कशाची होती, कोणतें पिलूं कितव्या दिवशीं लंगडूं लागलें. ही वही व पशुवैद्यांकडून वेळोवेळीं मिळालेली माहिती यांवरून पुढील मजकूर लिहीत आहों.

पिलूं लंगडतांना दिसलें कीं प्रथम तें हातांत घेऊन पाहावें. येथें एक गोष्ट अगोदरच सांगितली पाहिजे. बदकास पायाला धरून कधींही उचलूं नये. कोंबड्या पाय बांधून उलट्या लोंबकळत नेण्याची आपल्याकडे वाईट चाल आहे, आणि बाजारांतून आणणारा माणूस बदकासही तसेंच धरतो. बदकाचे पाय अंगाच्या वजनाच्या मानानें नाजूक असतात. एका हिसक्यानें सांधा निखळतो, आणि घरीं आल्यावर त्याचें खापर खाद्यावर फुटतें. पिलूं ओंजळींत, छातीस खालून आधार देऊन घ्यावें. मोठें बदक दोन्ही पंखांसह अंगाला कवटाळून घ्यावें. मुलांस हें मुद्दाम शिकवावें.

हातांत घेतल्यावर आधीं तळवा पाहावा. काटा, काप, डाल्याच्या कामटीचें कूस आढळल्यास तें काढून, जखम धुऊन, पिलूं कोरड्या जागीं ठेवलें म्हणजे काम होतें. नंतर बोटें पाहावीं. तीं आंत मुठीसारखीं वळलीं आहेत काय? त्यानंतर सांधा. बदकाचा जो सांधा आपणांस गुडघा वाटतो तो वस्तुतः घोटा होय; खरा गुडघा पोटाशीं पिसांत लपलेला असतो. दोन्ही घोटे एकमेकांशीं ताडून पाहावे: एक सुजला आहे काय, ऊन लागतो काय, त्यामागची धोंडशीर मधोमध आहे कीं बाजूस सरकली आहे. शेवटीं चोंच हलकेच दाबून पाहावी. ही सगळी तपासणी दोन मिनिटांची आहे.

याबरोबर सबंध घोळक्याकडेही लक्ष द्यावें. एकच पिलूं एकाच पायानें अधू असेल तर बहुधा इजा झालेली असते. एका आठवड्यांत तीन-चार पिलें दोन्ही पायांनीं बसूं लागलीं तर दोष खाद्यांत किंवा जमिनींत शोधावा. आणि पायांबरोबर हगवण, डोळ्यांतून पाणी, मानेस कंप, मरतूक यांपैकीं कांहीं असेल तर तो रोग होय व तेथें घरगुती उपाय करीत बसूं नये. त्याविषयीं पुढें लिहूं.

आमच्या वहींत पायांनीं बसलेल्या पिलांची जी नोंद आहे, तिच्यांत सर्वांत मोठा वाटा एकाच कारणाचा आहे: नायासिन या जीवनसत्त्वाची उणीव. हें जीवनसत्त्व ब गटांतील. कोंबडीच्या पिलासही तें लागतें, परंतु बदकाच्या पिलास त्याची गरज फार अधिक. प्राण्याचें शरीर ट्रिप्टोफॅन नांवाच्या प्रथिनांतील घटकापासून थोडेंबहुत नायासिन स्वतःच तयार करूं शकतें. बदकाच्या शरीरांत मात्र त्या घटकास दुसरीकडेच फांटा फुटतो व नायासिन फारसें बनत नाहीं. म्हणून तें खाद्यांतूनच पुरवावें लागतें. अमेरिकेंतील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ सालीं जीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं त्यांत मांसाच्या कोंबडीच्या पिलास एक किलो खाद्यांत ३५ मिलिग्रॅम, आणि पेकिन बदकाच्या पिलास ५५ मिलिग्रॅम नायासिन सांगितलें आहे. आतां आपल्याकडे बदकाचें निराळें खाद्य बहुधा मिळत नाहीं. दुकानदार कोंबडीच्या पिलांचें पोतें देतो. तें कोंबडीस पुरेसें असेल, बदकास मात्र तें तोकडेंच. आणि जेथें हेंही न आणतां घरचा मका भरडून व भाताची कणी शिजवून पिलें वाढवावयाचीं, तेथें तर उणीव ठरलेलीच. कारण मक्यांतलें नायासिन बांधलेल्या स्थितींत असतें, तें पोटांत जाऊनही अंगीं लागत नाहीं, आणि मक्यांत ट्रिप्टोफॅनही कमी.

मक्याची ही खोड माणसांनाही नडली आहे. ज्या देशांत गरीब लोकांचा सारा निर्वाह मक्यावर होता तेथें पेलाग्रा नांवाचा रोग पसरला. कातडी काळवंडणें, हगवण व बुद्धिभ्रंश हीं त्याचीं लक्षणें. मेक्सिकोंतील जुने लोक मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत, त्यामुळें बांधलेलें नायासिन सुटें होई व त्यांस हा रोग होत नसे. १९३७ सालीं अमेरिकेंतील कॉनराड एल्व्हेजेम यांनीं नायासिन देऊन कुत्र्यांतील त्याच जातीचा रोग बरा होतो हें दाखविलें. आपल्या दख्खनमध्यें ज्वारीवरच राहणाऱ्या लोकांत हा रोग आढळत असे, त्याचा अभ्यास हैदराबादेस डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० च्या सुमारास केला. तेव्हां एकाच धान्यावर राहण्याचा परिणाम माणसावर व पाखरावर सारखाच होतो, फक्त बदकाच्या पिलांत तो वर्षांऐवजीं दिवसांत दिसतो. कारण त्याची वाढ विलक्षण जलद असते.

लक्षणें अशीं: पिलूं दहा-पंधरा दिवसांचें असतां चालणें टाळतें, खाद्यापर्यंत घोट्यांवर सरपटत जातें, घोटा किंचित् जाड दिसतो, पुढें पाय धनुष्यासारखे वांकतात. डोळा मात्र स्वच्छ असतो व भूकही असते. भूक असून पाय नाहीं, ही या दुखण्याची मोठी खूण होय. पुष्कळदा पिलूं उणिवेनें मरत नाहीं, तें उपासानें मरतें. त्यास पाण्यापर्यंत जातां येत नाहीं व धट्टींकट्टीं पिलें त्यास तुडवितात.

उपायाचा हिशेब सोपा आहे. औषधाच्या दुकानांत यीस्टची भुकटी मिळते. बीअरच्या यीस्टमध्यें दर किलोस सुमारें ४०० ते ४५० मिलिग्रॅम नायासिन असतें. एक किलो खाद्यांत अशी भुकटी ५० ग्रॅम मिसळली तर २० ते २२ मिलिग्रॅम नायासिनची भर पडते. कोंबडीच्या खाद्यांतील ३५ मध्यें ही भर घातली कीं बदकाचे ५५ पुरे होतात. बेरीज इतकी नीट जुळते कीं आमच्यासारख्या जुन्या कारकुनास समाधान वाटावें. परंतु हें झालें निरोगी पिलांसाठीं. जें पिलूं बसलें आहे त्यास खाद्यांतल्या भरीवर ठेवून चालत नाहीं. त्यास पाण्यांतून द्यावें. एक लिटर पाण्यास सुमारें ३० ते ४० मिलिग्रॅम हें प्रमाण. म्हणजे ५० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून दीड लिटर पाण्यांत. पाणी रोज नवें करावें व दुसरें साधें पाणी ठेवूं नये, नाहींतर पिलें तेंच पितात. पोटांत हळूहळू सुटणारी म्हणून जी गोळी माणसांसाठीं मिळते ती घेऊं नये. ब गटाचें मिश्र औषध घ्यावयाचें असेल तर बाटलीवरील नायासिनचा किंवा निकोटिनामाइडचा आंकडा वाचून हिशेब करावा. या दोहोंचा गुण एकच आहे. बसलेलें पिलूं निराळें करून खाद्य व पाणी त्याच्या चोंचीपाशीं ठेवावें. फरक बहुधा दुसऱ्या ते पांचव्या दिवसांत दिसतो. फरक दिसला म्हणून औषध थांबवूं नये. पिलें आठ-दहा आठवड्यांचीं होईपर्यंत खाद्यांतील भर चालू ठेवावी.

कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या मळ्यांतील एका बाईंनीं बचत गटाचें कर्ज काढून पंचवीस पिलें आणलीं. मुलगी शाळेंत, नवरा ऊसतोडीच्या गाडीवर. अंडीं विकून घरखर्चाला हातभार लावावा एवढाच बेत. खाद्य म्हणजे मक्याचा भरडा व कणी. बाराव्या-तेराव्या दिवशीं सात पिलें बसलीं. घरांतील वडील मंडळींनीं तीं पुरून टाकण्यास सांगितलें, म्हणजे रोग बाकीच्यांस लागणार नाहीं. आम्ही गेलों तेव्हां बाई सातही पिलें पदरांत घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "काका, ह्यातलं एक तरी उठंल का?" घोटे पाहिले, चोंची पाहिल्या, हगवण नव्हती, डोळे स्वच्छ होते, सातांनींही दिलेलें खाद्य हपापून खाल्लें. त्याच सायंकाळीं गोळ्या आणल्या, दुसऱ्या दिवसापासून कोंबडीचें खाद्य व यीस्ट सुरू केलें. चौथ्या दिवशीं पांच पिलें उभीं राहिलीं. एक महिनाभर वांकड्या पायांनीं हिंडत राहिलें व तसेंच मोठें झालें. एक तिसऱ्याच रात्रीं मेलें होतें. उरलेल्या अठरांपैकीं मग एकही बसलें नाहीं. औषधाचा सारा खर्च एका पिलाच्या किंमतीइतकाही झाला नाहीं, आणि कर्जाचे हप्ते अंड्यांवर फिटले. त्या दिवशीं सात पिलें पुरलीं असतीं तर पुढल्या आठवड्यांत आणखी सात पुरावीं लागलीं असतीं, हें सांगावयास नकोच.

यीस्ट न मिळाल्यास काय, असें कोणी विचारील. सुकट किंवा मासळीची भुकटी उत्तम. मात्र मिठांत मुरविलेली खारी मासळी देऊं नये, पिलांस मीठ बाधतें. गव्हाच्या व भाताच्या कोंड्यांत नायासिन पुष्कळ आहे, परंतु त्याचाही बराच भाग बांधलेला असल्यामुळें दुखण्यांत त्यावर विसंबूं नये. हिरवा लसूणघास बारीक कापून दिलेला चांगला. शेंगपेंडींत नायासिन भरपूर असतें, पण तिच्याविषयीं निराळें व सावधगिरीचें लिहावयाचें आहे.

पाय लुळे पडणें व आहार यांचा संबंध प्रथम ध्यानांत आला तोही एका पाखराच्याच खुराड्यांत. जावा बेटांतील बटाव्हिया येथें ख्रिस्तियान आइकमन नांवाच्या डच डॉक्टरांनीं १८९० नंतरच्या दशकांत पाहिलें कीं रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतील पांढरा सडीक भात खाणाऱ्या कोंबड्या पायांनीं पंगू होतात व कोंड्यासह तांदूळ दिला कीं सुधारतात. या शोधाबद्दल १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें जीवनसत्त्व ब-१ होय. बदकाचें पिलूं मान पाठीवर टाकून आभाळाकडे पाहत बसूं लागलें तर या उणिवेचा संशय घ्यावा. आणि बोटें मुठीसारखीं आंत वळत असलीं तर बहुधा ब-२ ची उणीव असते. त्यासही यीस्ट गुणकारी आहे, पण वळलेलीं बोटें फार दिवसांचीं झालीं तर सुटत नाहींत.

आतां जमिनीविषयीं. पाय दोहों बाजूंस फाकण्याचें कारण पुष्कळदा पिलाखालीं अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद असतो. शहाबादी फरशी, पत्रा, खोक्याचा गुळगुळीत पुठ्ठा, कागद यांवर नुकत्याच निघालेल्या पिलाचा पाय ठरत नाहीं. तें उठूं पाहतें, पाय निसटतो, आणि दोन दिवसांत मांडीचे स्नायू त्याच स्थितींत लांबतात. पहिला आठवडा खालीं गोणपाट ताणून घालावें. सुटे धागे असल्यास कापावे, ते बोटांत अडकतात. पुढें भाताचें तूस किंवा जाड भुसा चालतो. पाय फाकलेच तर त्याच दिवशीं बंध घालावा. मऊ सुती कापडाची बोटापेक्षां अरुंद पट्टी घेऊन घोट्याखालीं नळीवर दोन्ही पायांस इंग्रजी आठच्या आंकड्यासारखी गुंडाळावी, व निरोगी पिलूं उभें असतां त्याच्या पायांत जेवढें अंतर असतें तेवढें मध्यें ठेवावें. आवळून बांधूं नये. सकाळ-सायंकाळ पाऊल पाहावें. सुजलें किंवा गार लागलें तर पट्टी सैल करावी. दोन ते चार दिवसांत पिलूं आपले आपण उभें राहतें. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा उपाय बहुधा लागू पडतो, आठवड्यानंतर क्वचितच. बंध घातलेलें पिलूं पाण्याच्या खोल भांड्यापाशीं ठेवूं नये. तें पडलें तर उठत नाहीं.

अशा व नायासिनच्या दुखण्यांतून उठणाऱ्या पिलास पोहविण्याचा चांगला उपयोग होतो. परातींत किंवा घमेल्यांत कोमट पाणी पिलाचें अंग तरंगेल इतकें घ्यावें, दिवसांतून दोन वेळां पांच-पांच मिनिटें सोडावें. पाणी वजन उचलतें व पाय मोकळे हलतात. परंतु आपण तेथून हलूं नये. बदकाचें पिलूं म्हणजे जन्मतः पोहणारें, अशी समजूत आहे ती आईखालीं वाढलेल्या पिलास लागू; यंत्रांत किंवा खुडूक कोंबडीखालीं निघालेल्या पिलाच्या लवेस आईच्या अंगचें तेल लागलेलें नसतें, तें भिजतें, गारठतें व बुडतेंही. बाहेर काढून पंचानें टिपून उबेंत ठेवावें.

घोट्यामागची धोंडशीर खाचेंतून सरकणें हें याहून कठीण दुखणें आहे. घोटा एकदम मोठा व चपटा दिसतो, पाय बाहेर किंवा आंत पिरगळतो. बोट फिरवून पाहिलें तर शीर मधोमध न लागतां बाजूस दोरीसारखी लागते. नायासिनच्या उणिवेंत पाय वांकतो पण शीर सहसा सरकत नाहीं, एवढा भेद लक्षांत ठेवावा. याचें मूळ मँगनीज व कोलीन यांच्या कमतरतेंत असतें, आणि जड वाढणाऱ्या पेकिनसारख्या जातींत तें अधिक आढळतें. पहिल्या एक-दोन दिवसांत पशुवैद्य पाय मागें सरळ करून शीर खाचेंत बसवितात व पट्टी बांधतात. हें पाहून शिकावें. केवळ वाचून करूं नये, पिलास वेदना फार होतात. जुनी सरकलेली शीर बसत नाहीं. असें पिलूं खात-पीत असेल तर निराळें ठेवून वाढवितां येतें, पण पैदाशीस ठेवूं नये.

मुडदूस आपल्याकडे आषाढ-श्रावणांत दिसतो. कोल्हापूरकडे झड लागली कीं आठ-आठ दिवस ऊन पडत नाहीं, पिलें आडोशाला कोंडलेलीं, आणि खाद्य कॅल्शियमविना. चोंच रबरासारखी वांकते, हाडें मऊ पडतात. अशा वेळीं पशुवैद्यांकडून ड-३ जीवनसत्त्व घ्यावें. ड-२ पाखरांस जवळजवळ निरुपयोगी आहे. उघडीप मिळतांच पिलें वीस मिनिटें उन्हांत काढावीं, कांचेआडचें ऊन त्यासाठीं चालत नाहीं. कॅल्शियम हवें म्हणून अंडीं देणाऱ्या कोंबड्यांचें खाद्य मात्र पिलांस घालूं नये. पिलास खाद्यांत पाऊण टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतें, आणि त्या खाद्यांत तीन-चार टक्के असतें; त्यानें मूत्रपिंडें बिघडतात. तसेंच कोंबडीच्या खाद्यांत रक्तहगवण टळावी म्हणून औषधें घातलेलीं असतात. त्यांपैकीं मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशा जातीचीं औषधें अधिक पोटांत गेल्यास पाय लुळे पाडतात, आणि बदक कोंबडीहून अधिक खातें. पोत्यावरील चिठ्ठी वाचून घ्यावी. दुकानदारास विचारण्यांत संकोच करूं नये.

शेंगपेंडीची गोष्ट आमच्या भागांतील प्रत्येकानें ऐकावी, कारण घाण्याची पेंड आपल्या घरांत असते आणि जनावरांस ती निर्धास्त घालण्याची वहिवाट आहे. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लाख टर्की पक्षी अज्ञात रोगानें मेले. बदकांचीं पिलेंही मेलीं. शोध घेतां ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष सांपडलें. त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बदकाचें पिलूं या विषास इतकें हळवें असतें कीं पुढें विष आहे किंवा नाहीं हें ठरविण्याच्या परीक्षेंत शास्त्रज्ञ एक दिवसाचीं बदकाचीं पिलेंच वापरूं लागले. विष बाधलें असतां पिलूं झोकांड्या खातें, पायांवर व पावलांवर जांभळी झांक येते, मान मागें जाऊन झटके येतात. यावर औषध नाहीं; खाद्य तत्काळ बदलणें हाच उपाय. जी पेंड गाय निर्वेध खाते तीच पिलांस मारक ठरूं शकते. शिजविल्यानें हें विष जात नाहीं, आणि वरची बुरशी खरवडून आंतली पेंडही शुद्ध होत नाहीं. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर ओलसर पोतीं वाळवून खाद्य वापरल्याचें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें. बदकांस असें खाद्य बिलकुल देऊं नये. आमचा स्वतःचा नियम असा कीं आठ आठवड्यांच्या आंतील पिलांस शेंगपेंड मुळींच द्यावयाची नाहीं. मक्यासही हीच बुरशी लागते, म्हणून भरडा पंधरा दिवसांपुरताच करावा.

रोगांविषयीं थोडक्यांत. दोन ते सात आठवड्यांच्या पिलांचे पाय जातांना मान व डोकें थरथरत असेल, डोळे चिकटत असतील, विष्ठा हिरवट असेल तर तो जंतुजन्य रोग असतो. त्यावर प्रतिजैविक लागतें व तें पशुवैद्यांनींच ठरवावें. पहिल्या महिन्यांतील पिलें पाय झाडीत, मान मागें टाकून तासा-दोन तासांत पटापट मरूं लागलीं तर तो यकृताचा सांसर्गिक रोग असण्याचा संभव असतो. उन्हाळ्यांत डबकें आटून त्यांत मेलेले मासे किंवा पाखरें कुजलीं असतां त्यांतील अळ्या खाऊन आधीं पाय, मग पंख, मग मान लुळी पडते. तेथें पाखरें ताबडतोब सावलींत, स्वच्छ पाण्यावर आणावीं व मढीं पुरावीं. आणि एका-दोन दिवसांत बरीचशीं बदकें-कोंबड्या एकाएकीं मेलीं तर मेलेलें पाखरूं हातांत घेऊन कोणास दाखवीत हिंडूं नये, विकूं नये, ओढ्यांत टाकूं नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याच दिवशीं खबर द्यावी. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्ल्यू निघाला तेव्हां लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. बदकाच्या अंगीं हा रोग कधीं कधीं लक्षण न दाखवितां राहतो, त्यामुळें बदकें व कोंबड्या एका खुराड्यांत ठेवणें आम्हांस पसंत नाहीं.

शेवटीं रानांत सोडण्याविषयीं. पिलें चार-पांच आठवड्यांचीं झालीं व अंगावर पिसें धरूं लागलीं म्हणजे त्यांस लावणीनंतर रुजलेल्या भातांत दिवसा सोडण्यास हरकत नाहीं. पायांस व्यायाम मिळतो, किडे मिळतात. परंतु ज्या वाफ्यांत किंवा उसाच्या सरींत दाणेदार कीटकनाशक टाकलें असेल तेथें त्या हंगामांत बदकें नेऊं नयेत. पाखरूं तो दाणा धान्य समजून गिळतें. फोरेटची विक्री २०२० अखेर बंद करण्यांत आली, तरी जुन्या पिशव्या कित्येकांच्या कोठीच्या माळ्यावर अजून पडून आहेत, आणि कार्बोफ्युरानचा दाणा तर अद्याप वापरांत आहे. असा दाणा खाल्लेलें बदक थोड्याच वेळांत पाय ओढूं लागतें, चोंचींतून लाळ गळते, श्वास लागतो. तें पायांचें दुखणें समजून नायासिन पाजीत बसूं नये. पाखरूं व दाण्याची पिशवी दोन्ही घेऊन थेट दवाखाना गांठावा. असें पाखरूं मेल्यास तें खाऊं नये व कुत्र्यासही घालूं नये. पाटाचें पाणी वरच्या शेतांतून येत असल्यास वरच्या शेजाऱ्यास आधीं विचारून मगच पिलें सोडावीं.